दहा रुपयांचा ध्वज आणि गेटवरचे मेजर

होस्टेलमध्ये पैसे गोळा करणं हे जगातलं सर्वांत अवघड काम आहे. गणपतीची वर्गणी असो, गॅदरिंगचा टी-शर्ट असो नाहीतर मेसचं बिल, दार वाजवलं की आतले चारही जण झोपलेले असतात! अशा या होस्टेलमध्ये, मी सेकंड इयरला असताना डिसेंबरमध्ये एनएसएसच्या सरांनी माझ्या हातात सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या स्टिकरची दोन पाकिटं ठेवली आणि म्हणाले, "ए आणि बी ब्लॉक तुझे. एका ध्वजाचे दहा रुपये. परवापर्यंत हिशेब दे."

दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या एका मित्राने पाकीट काढता काढता विचारलं, "हे पैसे जातात कुठे?"

मी म्हणालो, "सैनिकांना."

"सैनिकांना पगार आहे. रिटायर झाल्यावर पेन्शन आहे. कॅन्टीनचा कोटा आहे. मग माझे दहा रुपये कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने दहा रुपये दिले, पण ते दंड भरल्यासारखे. पुढच्या रूममध्ये मी स्टिकर दाखवलाच नाही, सरळ खाली आलो.

गेटवर आपले मेजर बसले होते. त्यांनी खिशातून शंभराची नोट काढली, एकच ध्वज घेतला आणि छातीवर नीट लावला. सुट्टे परत द्यायला लागलो तर म्हणाले, "राहू दे." मी त्यांना तोच प्रश्न विचारला. ते हसले. "मला काय विचारतोस? कलेक्टर कचेरीजवळ सैनिक कल्याणचं ऑफिस आहे, तिथं जा. मलाही जायचंय. तीन वर्षं झाली, जाईन जाईन म्हणतोय."

त्या एका प्रश्नामागे मी वर्षभर फिरलो. त्यातून जे कळलं ते सांगण्यासाठी हा लेख.

मेजर, पण मेजर नव्हे

आधी एक गैरसमज दूर करतो. आपले मेजर हे मेजर नाहीत. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडे गावाकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे, तीच होस्टेलने उचलली. एकोणिसाव्या वर्षी भरती, चोवीस वर्षं नोकरी, त्रेचाळिसाव्या वर्षी घरी. घरी आले तेव्हा थोरली मुलगी नववीत आणि धाकटा पाचवीत होता.

हा हिशेब महत्त्वाचा आहे. आपल्या घरात कोणी शिक्षक, बँकेत किंवा सरकारी ऑफिसात असेल तर ते अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी रिटायर होतात. तोवर मुलं शिकून झालेली असतात, घराचं कर्ज फिटलेलं असतं. फौजेला मात्र तरुण माणसं लागतात. त्यामुळे शिपाई, नाईक, हवालदार या हुद्द्यांवरची माणसं साधारण पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान बाहेर पडतात. देशात दरवर्षी सुमारे साठ हजार जण असे निवृत्त होतात. म्हणजे ज्या वयात बाकीच्यांचा पगार वाढत असतो आणि खर्च सर्वांत जास्त असतो, त्या वयात यांचा पगार थांबतो आणि त्याच्या साधारण निम्मी पेन्शन सुरू होते. पंधरा वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी बाहेर पडलेल्या जवानाला तर बहुतेक वेळा तीही मिळत नाही.

"पेन्शन आहे की!" या वाक्याचं हे पहिलं उत्तर.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यात चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीचे एकरकमी सेवा निधी घेऊन बाहेर येतात, त्यांना पेन्शन नाही. हे लोक बाहेर येतील तेव्हा बावीस-पंचवीस वर्षांचे, म्हणजे आपल्याच वयाचे असतील. माजी सैनिक म्हणजे पांढऱ्या मिशांचे आजोबा हे चित्र आता जुनं झालं.

खुर्ची कलेक्टरची

पुढच्या शनिवारी सुट्टी असेल या भीतीने शुक्रवारी प्रॅक्टिकल बुडवून मी सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. सोबत माझा रूममेट. त्याला इथे सोलापूरकर म्हणू. त्याचे वडील नाईक म्हणून निवृत्त, आणि त्याचं ॲडमिशन डिफेन्सच्या जागेवर झालेलं. (राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत सैनिक-माजी सैनिकांच्या मुलांसाठी पाच टक्के जागा असतात, एका कॉलेजात फार तर पाच.) फर्स्ट इयरला आम्ही त्याला 'कोटावाला' म्हणून पुष्कळ चिडवलं होतं. तो हसून न्यायचा.

ऑफिस लहान. बाहेर बाकावर दोन म्हातारे, एक नऊवारीतल्या आजी आणि त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी हे स्वतः निवृत्त लष्करी अधिकारी. आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला आणि कागदावर चक्क ब्लॉक डायग्राम काढून सगळी रचना समजावली.

वर केंद्रीय सैनिक मंडळ, त्याचे अध्यक्ष देशाचे संरक्षणमंत्री. राज्यात सैनिक कल्याण विभाग, त्याचं मुख्यालय पुण्यात. आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक मंडळ, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, म्हणजे कलेक्टर. ही व्यवस्था आजकालची नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातून लाखो शिपाई समुद्रापार गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या घरांचं आणि परत येणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' निघालं. आजचं केंद्रीय मंडळ हा त्याचाच वारस.

मी विचारलं, "सर, पण सैनिकांचं काम सैन्याने करावं. कलेक्टर कशाला?"

ते म्हणाले, "सैनिक रिटायर होऊन जातो कुठे? गावात. तिथे त्याचा बांध कोणीतरी कोरलेला असतो. रेशनकार्डात नाव नसतं. वारसाची नोंद झालेली नसते. मुलीचा दाखला अडलेला असतो. यातलं एक तरी काम रेजिमेंट करू शकते का? हे सगळं तलाठी, तहसील, ग्रामपंचायत, पोलीस ठाणं. आणि या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवू शकणारा जिल्ह्यात एकच माणूस."

या विचाराला कायद्याचाही जुना आधार आहे. १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट आजही लागू आहे. सीमेवर किंवा युद्धपरिस्थितीत असलेल्या सैनिकावर गावात दावा लागला आणि तो हजर राहू शकत नसेल, तर कलेक्टर तसं कोर्टाला कळवू शकतो आणि कोर्ट सुनावणी थांबवू शकतं. जवान पहाऱ्यावर असताना त्याची जमीन एकतर्फी निकालात जाऊ नये म्हणून शंभर वर्षांपूर्वी केलेली ही सोय.

२०२२ साली, स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात, आपल्या राज्यात 'अमृत जवान अभियान' झालं. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सैनिक, माजी सैनिक आणि शहीद कुटुंबांची महसूल, पोलीस, जिल्हा परिषद अशा वेगवेगळ्या खात्यांत अडलेली कामं गोळा करून निकाली काढायची होती. आपल्या मेजरची शेताची मोजणी तेव्हाच झाली. त्याआधी एका तालुक्याच्या ऑफिसात त्यांचा अर्ज सहा वर्षं पडून होता. त्या सहा वर्षांत ना कायदा बदलला ना फी. फक्त 'हे प्रलंबित का?' असं कोणीतरी वरून विचारलं आणि दीड महिन्यात मोजणीदार बांधावर उभा राहिला.

मला वाटतं, सार्वजनिक सेवेतलं नेतृत्व म्हणजे भाषण नव्हे. ते हेच, प्रलंबित फाइलला प्रश्न विचारणं. आणि अभियान संपल्यावरही विचारत राहणं, जे जास्त अवघड आहे.

दहा रुपये कुठे जातात

आता मूळ प्रश्न. ऑगस्ट १९४९ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरवलं की दरवर्षी ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळायचा. छोटे ध्वज लोकांना द्यायचे आणि त्या बदल्यात जमेल तेवढी देणगी घ्यायची. ध्वजावरचे तीन रंग म्हणजे तीन दलं. लाल भूदल, गडद निळा नौदल आणि फिकट निळा हवाई दल. हेतूही तीन: युद्धात जखमी झालेल्यांचं पुनर्वसन, सेवेतल्या जवानांच्या कुटुंबांचं कल्याण आणि माजी सैनिकांचं पुनर्वसन.

आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याला निधीचा 'इष्टांक' दिला जातो आणि कलेक्टर तो वेगवेगळ्या खात्यांना वाटून देतात. म्हणून सरकारी ऑफिसांत हे ध्वज दिसतात. आपल्या कॉलेजला आलेली पाकिटं त्याच वाटेने आली.

या निधीतून मिळणाऱ्या मदतीतली एक गोष्ट ऐकून मी गप्प झालो. पेन्शन न मिळणारे, पासष्ट वर्षांवरचे, दुसरं उत्पन्न नसलेले जे माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा आहेत, त्यांना दरमहा अनुदान मिळतं. ते बरीच वर्षं महिना ४,००० रुपये होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते वाढवून ८,००० करण्यात आलं. त्याच वेळी हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांच्या मुलांसाठीची शैक्षणिक मदत महिना १,००० वरून २,००० झाली. बाहेर बाकावर बसलेल्या आजी याच अनुदानाच्या कागदांसाठी आल्या होत्या. माझ्या पाकिटातले ध्वज आणि त्या आजींच्या हातातली पिशवी, यांच्यामधली वायर मला तिथे पहिल्यांदा दिसली.

बाकीच्या सोयी थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या लागू असतील. उपचारासाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही योजना आहे. तिची स्वतःची पॉलिक्लिनिक आहेत आणि ठरलेल्या खाजगी हॉस्पिटलांत पाठवण्याची सोय आहे. नोकऱ्यांत राज्य सरकारच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात ते गट क मध्ये १० आणि ड मध्ये २० टक्के आहे. 'एक हुद्दा एक पेन्शन' हा निर्णय २०१५ साली झाला आणि १ जुलै २०१४ पासून लागू धरला गेला. एकाच हुद्द्यावर तेवढीच वर्षं काढलेल्या दोघांना, एक जण आधी रिटायर झाला म्हणून कमी आणि दुसरा नंतर झाला म्हणून जास्त पेन्शन मिळू नये, एवढाच त्याचा साधा अर्थ. पण तो मिळायला अनेक दशकं लागली आणि त्यासाठी वयस्कर माजी सैनिकांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

जिल्ह्याच्या गावांत सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं आहेत आणि कामासाठी आलेल्या माजी सैनिकांना उतरायला विश्रामगृहं आहेत. हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्हाला होतं का?

सोलापूरकरचे एक लाख वीस हजार

चहा संपता संपता साहेबांनी सोलापूरकरला विचारलं, "तू माजी सैनिकाचा मुलगा ना? पंतप्रधान शिष्यवृत्ती घेतोस?"

"नाही सर. ती काय असते?"

"कितव्या वर्षाला आहेस?"

"दुसऱ्या."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो."

मित्रांनो, ही माहिती नीट वाचा आणि आपल्या ओळखीत सांगा. माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. ती ध्वजदिन निधीतून नव्हे, तर १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीतून चालते. दरवर्षी देशभरातून ५,५०० जणांची निवड होते, निम्मी मुलं, निम्म्या मुली. २०१९ पासून मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात, तेही कोर्स संपेपर्यंत. इंजिनिअरिंगसाठी बारावीला किमान साठ टक्के लागतात. निवड करताना आधी युद्धात कामी आलेल्यांच्या, मग अपंगत्व आलेल्यांच्या मुलांना प्राधान्य असतं आणि पुढे गुणांनुसार यादी लागते. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तपासून पुढे पाठवतं. पण अर्ज करायचा तो व्यावसायिक कोर्सच्या पहिल्याच वर्षी. ते वर्ष हुकलं की संपलं.

परतीच्या बसमध्ये सोलापूरकर खिडकीकडे तोंड करून बसला होता. मग त्याने मोबाईल काढला, कॅल्क्युलेटर उघडला आणि मला दाखवला. २,५०० गुणिले १२ गुणिले ४. एक लाख वीस हजार. निवड झालीच असती असं नाही, पण त्याला बारावीला एक्क्याण्णव टक्के होते. त्याचे वडील साखर कारखान्यावर रात्रपाळीला पहारा करतात. पहिल्या वर्षाच्या फीसाठी त्यांनी गावातल्या पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं.

चूक कोणाची? कागदावर कोणाचीच नाही. योजना वेबसाइटवर होती, ऑफिसच्या फळ्यावर होती. ॲडमिशनच्या वेळी त्याचा डिफेन्सचा दाखला तीन ठिकाणी तीन जणांनी तपासला. खरा आहे का, शिक्का आहे का, मुदत आहे का, सगळं पाहिलं. पण 'अरे, तुझ्यासाठी एक शिष्यवृत्ती आहे' एवढं एक वाक्य त्या तिघांपैकी कोणीच बोललं नाही. तपासणं हे त्यांचं काम होतं. सांगणं हे कोणाचंच काम नव्हतं.

सोलापूरकर चार दिवस फारसा बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने मराठीत एक पानी सूचना लिहून काढली. रेक्टर सरांनी सही केली आणि यंदाच्या ॲडमिशनच्या आठवड्यात ती काउंटरशेजारी लागली. स्वतः सोलापूरकर तिथे पाच दिवस उभा होता. डिफेन्सच्या जागेवर आलेल्या प्रत्येक पालकाला त्याने ती हातात दिली. त्याच्या स्वतःच्या पदरात यातून काहीच पडणार नव्हतं.

बारशाची तारीख

यंदा आपल्या मेजरच्या मुलीला दुसऱ्या शहरात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फॉर्म भरायला मेजर आमच्या रूमवर आले. गेटवर आम्हाला रात्री अकराला अडवणारे मेजर, दारात चप्पल काढून, संकोचून खुर्चीच्या टोकावर बसले. "पोरांनो, हे इंटरनेटचं आपल्याला जमत नाही."

अर्ज भरताना घोळ लक्षात आला. मुलीची जन्मतारीख दाखल्यावर एक आणि लष्कराच्या रेकॉर्डमध्ये दुसरी. बारा दिवसांचा फरक! मेजर बराच वेळ विचार करत राहिले आणि मग कपाळावर हात मारला. मुलगी झाली तेव्हा ते काश्मीरमध्ये एका पोस्टवर होते. घरून पत्र आलं ते बारशाचं. त्यांनी युनिटमध्ये तीच तारीख सांगितली, 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये तीच चढली आणि अठरा वर्षं तशीच राहिली. स्वतःच्या मुलीचं तोंड त्यांनी पाहिलं ती पाच महिन्यांची झाल्यावर.

ही दुरुस्ती करायची तर जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात जायला हवा. मुदत संपायला तीन आठवडे. मेजर म्हणाले, "जाऊ दे. नशिबात नाही."

सैनिक कल्याण कार्यालयातल्या मॅडमनी मात्र 'जाऊ दे' म्हटलं नाही. त्यांनी कागद त्याच दिवशी साहेबांच्या सहीने पाठवले, रेकॉर्ड ऑफिसात फोन केला, आठवड्याने परत केला. शेवटच्या चार दिवसांत दुरुस्तीचा कागद आला. मग मुलीच्या कॉलेजचं बोनाफाइड अडलं, कारण सही करणारे साहेब रजेवर! मेजर स्वतः एसटीने गेले, दिवसभर थांबले आणि सही घेऊन आले. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी, ऑफिस सुटून तासभर झाल्यावर, मॅडमनी अर्ज तपासून पुढे पाठवला. मेजरनी त्यांना सॅल्यूट केला. मॅडम म्हणाल्या, "अहो, काय हे! बसा."

यादी अजून लागायची आहे. त्यामुळे ही गोष्ट सुफळ संपूर्ण झाली असं मी सांगू शकत नाही. पण अर्ज गेला.

खडकीची गोष्ट, आपल्या शाखेची

आपण इंजिनिअर होणार, म्हणून पुण्याच्या तीन संस्थांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पहिली, क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना कारागिरी शिकवण्यासाठी लेडी विलिंग्डन यांनी ती १९१७ साली मुंबईत सुरू केली. पुढे ती खडकीला आली आणि आजही अपंगत्व आलेल्या जवानांना तांत्रिक शिक्षण देते. दुसरी, १९४४ साली दुसऱ्या महायुद्धात उभं राहिलेलं पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र. तिसरी, मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळ्या पडलेल्या जवानांसाठीचं खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. गुडघ्याच्या जोडाची बिजागरी, सॉकेटवर येणारा दाब, व्हीलचेअरच्या चाकाचा कोन हे आपल्या मशीन डिझाइनच्या पुस्तकातलेच प्रश्न आहेत. फक्त तिथे उत्तर चुकलं तर मार्क कमी होत नाहीत, माणसाच्या त्वचेला जखम होते.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ईएमई शाखेत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. वजाबाकी करा. शेहेचाळीस वर्षं! २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा आपण सगळे होस्टेलमधून घोळक्याने गेलो होतो आणि बाहेर पडताना 'हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही' म्हणत होतो. पुन्हा तेच. सांगणं हे कोणाचंच काम नव्हतं.

सन्मान म्हणजे काय

सन्मानाची स्मारकं हवीतच. पुण्यात घोरपडीला दक्षिण कमांडचं युद्धस्मारक आहे, जे नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं आणि १५ ऑगस्ट १९९८ ला खुलं झालं. दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला २५ फेब्रुवारी २०१९ उजाडलं. त्याच्या भिंतींवर नावं कोरलेली आहेत, हुद्द्याचा भेद न करता. १९४८ साली राजौरीच्या वाटेवर सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता करून देणारे बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळालं, तेही जिवंतपणी. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. सिव्हिलच्या मुलांनी त्यांचं नाव विसरू नये. रस्ता करणं हेही शौर्य असू शकतं.

पण वर्षभर फिरून माझं मत असं झालंय की दगडावर नाव कोरणं सोपं आणि रेकॉर्डमधली तारीख दुरुस्त करणं अवघड. शाल-श्रीफळ वर्षातून एकदा. अर्ज, दाखला, हयातीचा पुरावा हे मात्र कायमचं. आणि माणसाला आपण कोणाच्या तरी लक्षात आहोत की नाही, हे व्यासपीठावर कळत नाही. ते खिडकीपाशी कळतं.

आपण काय करू शकतो

मोठ्या गोष्टी सांगत नाही. होस्टेलमध्ये बसून जमतील अशा चारच.

एक, तुमच्या गावात माजी सैनिक किंवा वीरपत्नी असतील तर हयातीच्या दाखल्यासाठी मदत करा. शेतात काम करून बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन 'जुळत नाही' म्हणतं. २०२१ पासून मोबाईलवर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. दहा मिनिटांचं काम आहे.

दोन, डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ काढून त्यातली नावं-तारखा आधारशी जुळतात का ते आजच पाहून ठेवा. बारशाच्या तारखा पुष्कळ घरांत आहेत!

तीन, ही कॉलेजच्या कर्मचारी मंडळींना नम्र विनंती. शिष्यवृत्तीचं बोनाफाइड मागायला कोणी आलं तर तारीख विचारा आणि शक्य असेल तर त्याच दिवशी सही द्या. त्या एका सहीमागे एखाद्या घराचे लाखभर रुपये असतात.

चार, डिफेन्सच्या जागेवर आलेल्या मित्राला 'कोटावाला' म्हणू नका. त्या जागेचं भाडं त्याच्या घराने आधीच भरलेलं असतं, बारशाला बाप नसण्याच्या रूपाने.

यंदा डिसेंबरमध्ये पुन्हा ध्वजांची पाकिटं आली आणि मी पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेलो. कॉम्प्युटरच्या त्याच मित्राने दार उघडलं. या वेळी त्याने विचारायच्या आधीच मी सांगायला सुरुवात केली. आजींच्या पिशवीपासून सोलापूरकरच्या कॅल्क्युलेटरपर्यंत सगळं. तो ऐकत राहिला. मग त्याने दहाच रुपये दिले (महिनाअखेर होती!), पण विचारलं, "मेजरच्या पोरीची यादी कधी लागणार?"

लागली की गेटवर कळेलच. तोवर रात्री अकराच्या आत या, मेजर जागे असतात.